अण्णा, साडेसत्त्याऐंशी उठलं

अण्णा,

सप्रेम नमस्कार.

परवा रविवारी पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा झाली. संध्याकाळी फोन करून तुम्हाला आकडे सांगितले, तर तुम्ही नेहमीसारखं "बरं झालं, ठेवतो" म्हणून ठेवून दिलात. मला जे बोलायचं होतं ते सगळं तसंच राहिलं. ऑक्टोबरात तुम्ही रिटायर होऊन संकेश्वरकडं गावी गेलात, निरोप समारंभालाही थांबला नाहीत, तेव्हाही ते राहिलंच होतं. म्हणून आता लिहूनच टाकते. आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागातली जी कुणी बाई साध्या जिममधून पहिल्यांदा स्पर्धेला जाईल, तिला तुम्ही काय केलंत ते कळायला हवं. तुमची शाळा कन्नड. मराठी तुम्ही आमच्यापेक्षा झकास बोलता, पण वाचताना अक्षर लावत बसता. तुमच्या घरी अक्का आहेत, निपाणीच्या, त्या वाचून दाखवतील.

गेल्या वर्षी जानेवारीत मी पहिली स्पर्धा केली, तेव्हा मला ४१ वर्षं पूर्ण झाली होती. चाळीस ते एकोणपन्नास वयाचा मास्टर्सचा गट, वजन ६९ किलोच्या आत. पॉवरलिफ्टिंगमध्ये तीन प्रकार असतात, स्क्वॉट (दांडा खांद्यावर घेऊन बसून उठायचं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून दांडा छातीवरून वर ढकलायचा) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा दांडा उचलून ताठ उभं राहायचं). प्रत्येकाला तीन प्रयत्न, आणि तिन्हीतल्या सगळ्यात चांगल्या प्रयत्नांची बेरीज म्हणजे तुमची टोटल. मी स्क्वॉटला पहिलंच वजन ८७.५ किलो मागितलं. जिममध्ये ते वजन मी आठवड्यातून दोनदा मारत होते, कधी कधी दोन-दोन वेळा सलग. स्पर्धेत खांद्यावर घेतलं तेव्हाच पायाखालची जमीन हलल्यासारखी झाली. खाली गेले, पण पुरेशी गेले नाही. तीन पंचांचे तीन लाल दिवे, म्हणजे प्रयत्न बाद. इथं नियम असा आहे की एकदा मागितलेलं वजन पुढच्या प्रयत्नात कमी करता येत नाही. दुसऱ्यांदा तेच ८७.५, मध्येच अडकले, बाजूच्या मुलांनी दांडा धरला. तिसऱ्यांदा पुन्हा तेच, पुन्हा खोली कमी पडली. तिन्ही चुकले की टोटल लागत नाही. वर्षभराची मेहनत, सासूबाईंचं ऐकून घेतलेलं, मुलाच्या परीक्षेच्या आठवड्यात पहाटे पाचला उठून जिम, आणि कागदावर माझ्या नावापुढं काहीच नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसले होते.

सोमवारी कामावर आले. तुम्ही चहाच्या वेळी डिस्पॅचच्या टेबलापाशी आलात आणि काय झालं विचारलंत. मी सांगितलं, अंगात ताकदच नव्हती. तुम्ही आधी विचारलंत की हे त्या सांगलीच्या संकेत सरगरसारखं काय? मी सांगितलं, नाही, तो वेटलिफ्टर, २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ स्पर्धेत ५५ किलोत त्यानं रौप्य मिळवलं, ते वजन डोक्यावर उचलायचं असतं, आमचं वेगळं. तुम्ही मान हलवलीत, बशीतला चहा संपवलात आणि म्हणालात,

"साडेसत्त्याऐंशी उचलालीस म्हणतीस, ते जोखलंय कुणी?"

अण्णा, हा प्रश्न मला, माझ्या ट्रेनरला, आमच्या जिममधल्या एकालाही कधी पडला नव्हता. प्लेटवर २० लिहिलंय म्हणजे ती वीसची. पण तुम्ही चाळीस वर्षं उद्यमबागेत बिडाच्या कास्टिंगवर काम केलेला माणूस. साच्यात वाळू नीट ठोकली नसेल तर ओतीव फुगतं, पॅटर्न झिजला तर बारीक येतं, आणि मशिनिंग न करता रंग मारून बाजारात गेलं की आत किती आहे ते देवालाच माहीत, हे तुम्हाला पाठ. आणि मी रोज कास्टिंगची वजनं लिहूनच फाउंड्रीची बिलं भागवते, तरी माझ्या डोक्यात ते आलं नाही.

रविवारी तुम्ही स्टोअरमधला लटकता काटा पिशवीत घालून तिसऱ्या रेल्वे गेटजवळच्या त्या जिममध्ये आलात. अंगात तोच खाकी शर्ट. मी वहीत लिहून घेतलं होतं, ती वही अजून आहे. दांडा २० चा म्हणून मोजत होते, तो १६.६ भरला. वीसची एकेक प्लेट १८.८, दहाची एकेक ९.२. अडीचच्या दोन मिळून पाचऐवजी ४.६, सव्वाच्या दोन मिळून अडीचऐवजी २.३. दोन्ही बाजूंची सगळी बेरीज केली तर माझं ८७.५ प्रत्यक्षात ७९.५ निघालं. आठ किलो! जिमवाले म्हणाले, एवढं इकडंतिकडं चालतं. त्यांचंही एका परीनं बरोबर आहे. अंग कमवायला येणाऱ्याला दांड्यावर नेमकं किती आहे यानं काही बिघडत नाही, आज जेवढं आहे त्यापेक्षा पुढच्या महिन्यात जास्त उचललं की झालं. पण स्पर्धेत पहिलं वजन कितीचं मागायचं ते त्याच आकड्यावर ठरतं. माझी ताकद कमी पडली नव्हती अण्णा, मी चुकीचा आकडा घेऊन गेले होते. हे त्या दिवशी कळलं नसतं तर मी खेळ सोडला असता. मैत्रिणीला कमरेचा पट्टा देऊन टाकायचं मनात पक्कं झालं होतं.

त्यानंतर जे तुम्ही केलंत ते करायला कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

मी भिशीचे पैसे घालून चांगला दांडा घेतला. तो आल्या आल्या तुम्ही दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून फिरवलात, वाकडा नाही ना बघितलंत, मग काट्यावर ठेवलात, आणि २०.०० आल्यावरच माझ्याकडं बघितलंत. प्लेटा ओतून घेतल्या मुद्दाम दीड किलो जास्तीच्या. वीसच्या चार, बाकीच्या एकेक जोडी. मालकांनी सुट्टीनंतर लेथ वापरू दिला, त्यांचेही उपकार आहेत. वीसची प्लेट एवढी मोठी की लेथच्या बेडमधला गॅपचा तुकडा काढून चढवावी लागत होती. बीड कोरडंच कापायचं असतं, त्यामुळं चिप्सऐवजी काळी भुकटी उडायची, तुमच्या भुवया, कानाच्या पाळ्या, शर्टाची कॉलर सगळं काळं व्हायचं. एक फेसिंग मारायचं, म्हणजे तोंडावरचा एक थर कापायचा, थांबवायचं, प्लेट उतरवायची, काट्यावर ठेवायची, परत चढवायची, परत सेंटर करायचं. शेवटच्या शंभर ग्रॅमसाठी तुम्ही तीन-तीन वेळा उतरवत होता.

त्यातली एक प्लेट १९.९६ वर गेली. ४० ग्रॅम कमी. मी नियमांचं पुस्तक वाचून आले होते, तुम्हाला सांगितलं की पाव टक्क्यापर्यंत फरक चालतो, म्हणजे वीस किलोला ५० ग्रॅम, ही बसते. तुम्ही प्लेट उलटी केलीत.

"चालतंय ते वेगळं, बरोबर हाय ते वेगळं," म्हणालात.

मागच्या बाजूला दोन भोकं पाडलीत, इंचभर रुंद, सेंटिमीटरभर खोल. पळीत शिसं वितळवलंत आणि ओतलंत. किराणा दुकानातल्या जुन्या बिडाच्या वजनांना खालून असंच शिसं भरलेलं असायचं, त्यावर सरकारी शिक्का मारलेला असायचा, हे तुम्ही मला तेव्हा दाखवलंत. लहानपणापासून मी ती वजनं बघत आले होते आणि ते राखाडी ठिपके कशाचे ते मला माहीत नव्हतं. शिसं थंड झाल्यावर कानशीनं सपाट केलंत. २०.००. त्या दोन ठिपक्यांवरून मी अजून अंगठा फिरवते, दांड्यावर ती प्लेट चढवायच्या आधी.

तुम्ही व्यासही ४५० मिलिमीटर ठेवलात, नियमात आहे तेवढाच. जिममधल्या वीसच्या प्लेटा ४०० च्या होत्या, म्हणजे डेडलिफ्टला दांडा असायला हवा त्यापेक्षा २५ मिलिमीटर खाली. "आठ सूत," तुम्ही म्हणालात, म्हणजे इंचभर. त्या आठ सुतांनी माझी कंबर दोन वर्षं दुखत होती असं मला तरी वाटतं, कारण नवीन प्लेटांवर ती दुखायची थांबली.

मजुरीचं नाव काढलं तर रागावलात. कुंद्याचा डबा आणला तर पॅकिंगच्या पोरांत वाटून टाकलात.

मग पावसाळा. मागच्या शेडमध्ये पत्र्याखाली आपण सुरू केलं. बेळगावचा जुलैतला पाऊस पत्र्यावर पडायला लागला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तुम्ही टूलबॉक्सवर बसायचा, बाजूनं, माझ्या गुडघ्याच्या उंचीला डोळा आणून. स्क्वॉटमध्ये मांडीचा वरचा भाग जांघेपाशी गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली गेला पाहिजे, एवढा एकच नियम मी तुम्हाला सांगितला होता. तुम्ही तो मोजमापासारखा पाळलात. "अजून दोन सूत." "एक सूत." "हां." माझी मैत्रीण व्हिडिओ काढून "छान गेलं की" म्हणायची, आणि तुम्ही मान हलवायचा. ऑगस्टभर तुम्ही मला एकदाही खोटं "हां" दिलं नाही. मला रडू यायचं, घरी जाऊन चिडचिड व्हायची, एकदा तर मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. आज सांगते, माझी चूक होती.

आवाज पोचत नसल्यामुळं तुम्ही हातानं खूण करायला लागलात. मग मी पुस्तकात बघितलं तर स्पर्धेतही मुख्य पंच हात खाली करूनच "स्क्वॉट" म्हणतो. बेंचला तुम्ही डोक्याशी उभे राहायचा आणि छातीवर दांडा टेकल्यावर "प्रेस" म्हणायला इतका वेळ लावायचा की माझे हात थरथरायचे. मला घाई करायची सवय होती, ती तिथं गेली. तरुणपणी तुम्ही आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघायला जायचा, तालमीत बैठका मारायचा, ते सगळं एकेक करून त्या शेडमध्ये कळत गेलं. अक्का जोंधळ्याच्या भाकरीबरोबर शेंगाची चटणी आणि उकडलेली अंडी पाठवायच्या, "पोरीला बळ पायजे" म्हणून. त्यांनाही माझा नमस्कार सांगा.

आता परवाचं सांगते, सविस्तर, कारण फोनवर तुम्ही ऐकलं नाहीत.

वजन ६८.४ भरलं. पहिलं वजन ७७.५ मागितलं, आपलं ठरलं होतं तेच. दांडा खांद्यावर आला तेव्हा तो ओळखीचा होता. शेडमध्ये जेवढा जड लागायचा तेवढाच. अण्णा, हे मी कुणाला समजावून सांगू शकत नाही, पण तुम्हाला कळेल. तीन पांढरे दिवे. मग ८२.५, तीन पांढरे. तिसऱ्याला ८७.५ मागितलं. लाउडस्पीकर एवढा मोठा लावला होता की पंचाचा शब्द कळलाच नाही, मी त्यांचा हात बघत होते. हात खाली आला तशी खाली गेले, आणि तुमचा आवाज डोक्यात होता, "अजून दोन सूत". मी गेले. वर येताना मध्ये एक जागा आली जिथं सगळं थांबलं, मागच्या वर्षी तिथंच अडकले होते. मग हळू उठलं. दोन पांढरे, एक लाल. तीनपैकी दोन पांढरे असले की प्रयत्न धरतात. एका पंचाला खोली कमी वाटली असेल. तुम्ही असता तर कदाचित तुम्हीही एक सूत कमीच म्हणाला असता.

बेंचला ४० आणि ४२.५ गेलं, ४५ अर्ध्यात बसलं. डेडलिफ्टला ९५, १०२.५ आणि शेवटी १०७.५, "डाऊन" म्हणेपर्यंत धरून ठेवलं. टोटल २३७.५. चौथी आले. पदक नाही, पण कागदावर माझ्या नावापुढं आकडा आहे, आणि तो आकडा खरा आहे. घरी आल्यावर सासूबाईंनी तो कागद मागून घेतला आणि देवघरात कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत.

शेडमध्ये आता माझ्याशिवाय मजगावच्या दोन मुली येतात. त्यांना स्क्वॉटला मी बाजूनं टूलबॉक्सवर बसून बघते. खोटं "हां" द्यायचा मोह फार होतो, हे आता कळतंय.

एक काम आहे. गेल्या आठवड्यात पाचची एक प्लेट फरशीवर आपटली, कडेचा टवका उडाला. काट्यावर ४.९८ दाखवते. २० ग्रॅम कमी, आणि पाच किलोचा पाव टक्का साडेबारा ग्रॅमच, म्हणजे ही चालण्यातही बसत नाही. मी ती बाजूला काढून ठेवलीय, मुलींना वापरू दिलेली नाही. पेन्शनच्या कामाला तुम्ही इकडं येणार आहात असं अक्का म्हणाल्या. येताना शिशाची पळी घेऊन या.

तुमची,
डिस्पॅचवाली ताई