झाड नको, फांदी आणा

प्रिय आई, बाबा,

इमारतीभोवतीची जुनी बाग काढून नवी करणार, हे आईनं फोनवर सांगितलं तेव्हापासून माझ्याही डोक्यात तीच झाडं आहेत. बाबा, ती टाकून देतील म्हणून झाडं खणून आणायला तुम्ही कुदळ शोधायला लागलात म्हणे. म्हणून हे पत्र घाईनं लिहितेय. कुदळ राहू द्या. झाडं आणू नका, फांद्या आणा.

तुमच्या पाठीची काळजी आहेच, पण कारण तेवढंच नाही. जमिनीत मुरलेल्या झाडाची मुळं फार लांबवर गेलेली असतात. झाड जगवायचं तर खोडाच्या दर 1 इंच जाडीमागे 10 ते 12 इंच रुंदीचा मातीचा गोळा मुळांसकट काढावा लागतो. 2 इंच खोडाच्या जास्वंदीला जवळजवळ 2 फुटांचा गोळा. तो कोण उचलणार? आणि एवढा खटाटोप करूनही पाणी ओढणारी बारीक मुळं बरीचशी मागेच राहतात. बोगनवेल तर या बाबतीत फारच नाजूक, मातीचा गोळा फुटला की ती बहुधा मान टाकते. तिच्याच पेन्सिलीएवढ्या फांदीतून मात्र तीच बोगनवेल, त्याच रंगाची, पुन्हा उभी राहते. बी लावून रंगाची ही खात्री मिळत नाही.

आधी बागेचं काम बघणाऱ्यांना विचारून घ्या. टाकूनच देणार असले तरी विचारावं. मग सकाळी ऊन चढायच्या आत कात्री, ओलं फडकं आणि पिशवी घेऊन जा. फुलांनी लगडलेली फांदी टाळा, तिचा जोर फुलांत गेलेला असतो. खूप जुनं, सालीनं राठ झालेलं लाकूडही नको. बुंध्याजवळून फुटलेले कोवळे पण तयार झालेले फाटे सगळ्यांत लवकर मुळं धरतात. तुकडा 15 ते 20 सेंटिमीटरचा. खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या, लगेच खाली आणि सरळ, वरचा डोळ्याच्या थोडा वर आणि तिरका. तिरकं टोक म्हणजे वरची बाजू, हे आई, तू तरी लक्षात ठेव, कारण घरी आल्यावर सगळे तुकडे सारखेच दिसतात. उलटी खोचलेली फांदी सहसा रुजत नाही. मुळं फुटायला लावणारं द्रव्य, ऑक्सिन, फांदीत शेंड्याकडून बुडाकडे उतरतं आणि खालच्या कापाशी साठतं. मुळं तिथेच फुटतात. बाजारात मुळांसाठी जी पावडर मिळते तिच्यात याच जातीचं इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं. जास्वंद, क्रोटन, डुरांटा यांना ती नसली तरी चालतं.

खालची पानं काढा, वरची दोन-तीन ठेवून मोठी असतील तर अर्धी कापा. कुंडीत निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून दोन डोळे आत जातील अशी फांदी खोचा, सावलीत ठेवा. खत अजिबात नको. पुढचं सांगते ते बाबांसाठी. आठ-दहा दिवसांत पालवी फुटेल आणि तुम्हाला वाटेल, जमलं. ती पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर फुटते, मुळं तेव्हा नसतातही. उपटून बघू नका. कुंडीच्या तळाच्या भोकांतून पांढरी मुळं डोकावली की कुंडी बदलायची, आणि त्याला महिना-दीड महिनाही लागतो.

चाफ्याची गोष्ट वेगळी. कापला की चीक गळतो आणि तसाच लावला तर बुडाकडून कुजतो. फांदी सावलीत एक-दोन आठवडे सुकू द्या, काप टणक झाला की लावा. कण्हेर आणि डिफेनबाखिया कापताना हातमोजे घाला. दोन्ही विषारी आहेत, हात डोळ्यांना लावू नका. कर्दळीचा गड्डा डोळा असलेला तुकडा करून आणता येतो, पण तिथल्या कर्दळीच्या पानांवर पिवळे पट्टे आहेत असं आई म्हणाली ना? ती मूळची पट्ट्यांची जात नसेल तर तो विषाणूचा रोग असण्याची शक्यता मोठी. तो गड्ड्यातून पुढच्या रोपात जातो, कुठल्या फवाऱ्यानं जात नाही. ती कर्दळ सोडून द्या. पिठ्या ढेकूण, म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड, लागलेल्या फांद्याही नकोत.

आणि आई, घाणेरीला हात लावू नकोस. तिची फुलं तुला आवडतात हे मला माहीत आहे. पण शोभेसाठी म्हणून जगभर नेलेल्या या झाडानं रानं गिळली आहेत, गुरांना ती विषारी आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे. पक्षी बिया नेतात, कुंडीला कुंपण नसतं. टाकून दिलेलं प्रत्येक झाड वाचवावं असं मला वाटत नाही. ज्याचा पुढे कुणाला जाच होणार नाही, तेच वाचवावं.

प्रत्येक झाडाचे पाच-सहा तुकडे घ्या, सगळे रुजत नाहीत. पण रुजतील ते सगळेच घरात ठेवू नका. दोन कुंड्या तुमच्या, बाकी शेजारी, ओळखीचे, मागेल त्याला. एकच झाड चार घरी असलं की एका घरचं वाळलं तरी पुन्हा फांदी मागून आणता येते. पाणी घालायलाही तुम्हाला वाकावं लागणार नाही, सगळं कमरेएवढ्या कट्ट्यावर मांडा.

गुलाबाला मात्र मी येईपर्यंत थांबा. ते कलमी आहेत आणि कलमाच्या सांध्याखालून फुटलेला फाटा घेतलात तर भलतीच फुलं येतील. सांधा कुठे आहे ते आपण मिळून बघू. त्याआधीच माणसं कामाला लागली, तर सांध्याच्या वरचे जाडसर फाटे कापून ओल्या फडक्यात गुंडाळा, थंड जागी ठेवा आणि मला लगेच फोन करा.

तुमची लेक