कांडीतल्या माशीला नाव लावून दिल्याबद्दल

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले नाव या पत्रात कुठेही येऊ नये, ही आपली अट मी पाळली आहे. आभार मात्र चारचौघांत मानायचे, हा हट्ट मी सोडला नाही, कारण ज्या माशीची ओळख पटवण्यासाठी आपण माझ्यामागे तीन-साडेतीन महिने खर्च केलेत ती माशी सोलापुरातल्या अनेक घरांत आजही येऊन-जाऊन असणार आणि तिची घरटी ‘कुंभारणीची माती’ म्हणून खराट्याने पाडली जात असणार. मीही तेच करत आलो होतो.

पूर्व भागात आमचा आठ मागांचा लहान कारखाना आहे. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, मागांची साफसफाई चालू असताना, माळ्यावरची जुन्या लाकडी कांड्यांची, म्हणजे आडवे सूत ज्यांच्यावर गुंडाळतात त्या नळ्यांची, पाटी खाली काढली. प्लॅस्टिकच्या कांड्या आल्यापासून त्या लाकडी कांड्यांना कोणी हात लावला नव्हता. कांडीच्या बुडाला बोट जेमतेम शिरेल एवढे भोक असते आणि पाटीतल्या एकोणीस कांड्यांची ती भोके मातीने लिंपलेली होती. लिंपण इतके सपाट होते की, एखाद्या गवंड्याने थापीने हात फिरवावा तसे दिसत होते. कांडी भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, कुंभारीण आहे. मी एक कांडी जमिनीवर आपटून फोडली. आतून पिवळ्या रंगाचा, बेसनाच्या लाडवासारखा चिकट गोळा निघाला आणि त्यावर पांढरे, किंचित वाकलेले एक अंडे होते. ती कांडी फोडल्याची रुखरुख अजून आहे, पण ती फोडली नसती तर आपल्या पहिल्याच प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसते.

कारण मी मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून ‘ही कोणती माशी?’ असे विचारले, तेव्हा आपण फोटोबद्दल अवाक्षर न काढता एवढेच विचारलेत, “आत काय होते? अळ्या, कोळी, की परागकण?” कुंभारीण ही गांधीलमाशीच्या गोतातली असते. ती पिलांसाठी डंख मारून बधिर केलेल्या अळ्या किंवा कोळी कोंडून ठेवते, तर मधमाशीची पिले मांसाला शिवत नाहीत, त्यांना परागकण आणि मध लागतो. पिवळा गोळा म्हटल्याबरोबर कुंभारणीचा विषय संपला. एका प्रश्नात अर्धे काम होते, हे मी त्या दिवशी पाहिले. उरलेल्या अर्ध्या कामाला मात्र संक्रांत उजाडली.

माझी पहिली चूक घाईची होती. गवंडीकाम करणारी एकांडी मधमाशी एवढा धागा हाती लागताच मी इंटरनेटवर चित्रे जुळवली आणि ‘ऑस्मिया’ असे नाव ठरवून आपल्याला कळवूनही टाकले. परदेशी बागांमध्ये नळकांड्यांची घरे टांगून ज्या गवंडी माश्या वाढवतात त्या बहुतेक याच गटातल्या असल्यामुळे चित्रे सगळी तिचीच मिळत होती. आपण मला वेड्यात काढले नाहीत. ऑस्मिया थंड आणि समशीतोष्ण मुलखात रमते, भारतात ती हिमालयाच्या बाजूला आढळते, तेव्हा सोलापूरच्या उन्हात ती असण्याची शक्यता फार कमी, असे आपण सांगितलेत आणि वर म्हणालात, “पण शक्यता कमी आहे हा पुरावा होत नाही. पाय बघू.”

माशी ओळखण्यासाठी तिचा पाय बघावा लागतो, हे मला ठाऊक नव्हते. पाटीभोवती घिरट्या घालणारी एक मादी मी काचेच्या नळीत धरून आणली. आपण ती नळी दहा मिनिटे बर्फात ठेवलीत, माशी सुस्तावली आणि भिंगाखाली आपण तिच्या पायाचे टोक दाखवलेत. दोन नख्या होत्या आणि त्यांच्या मधली जागा रिकामी होती. ऑस्मियाच्या नख्यांमध्ये एक लहानशी गादी असते, तर मेगाकायली या गटातल्या मादीला ती नसते. मी आठवडाभर चित्रे जुळवून ठरवलेले नाव त्या रिकाम्या जागेने पाच मिनिटांत खोडून काढले.

त्याच बैठकीत आपण बाकीच्या खुणाही एकेक करून दाखवल्यात आणि त्या इथे लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे ही माहिती मराठीत सहसा वाचायला मिळत नाही. आग्या, सातेरी, फुलोरी या आपल्या ओळखीच्या मधमाश्या पराग मागच्या पायांवरच्या टोपलीत भरतात. ऑस्मिया आणि मेगाकायली ज्या कुळात येतात त्यातली मादी तो पोटाखाली, दाट केसांच्या कुंच्यात गोळा करते. म्हणून ती फुलावरून उडाली की तिचे पोट हळद लावल्यासारखे दिसते. पंखाच्या पुढच्या कडेजवळ, शिरांनी आखलेल्या कप्प्यांच्या एका ओळीत सातेरीला तीन घरे असतात, हिला दोन. मादीच्या मिशीला बारा पेरे असतात, नराच्या तेरा. आणि जबडा. याच गटातल्या ज्या माश्या गुलाबाची किंवा बोगनवेलीची पाने गोल कातरून नेतात त्यांच्या जबड्याच्या दातांमध्ये कात्रीसारखी धार असते. आपल्या माशीला ती धार नव्हती, कारण तिला पान कापायचेच नसते. ती माती कालवते आणि थापते. अवजार पाहून कारागीर ओळखावा, तसेच हे. आमच्या धंद्यात धोटा पाहून माग कुठला ते सांगणारी माणसे होती, त्यांची आठवण झाली.

मेगाकायली या शब्दाचा अर्थ ग्रीकमध्ये ‘मोठ्या ओठांची’ असा होतो आणि १८०२ साली लात्रेय या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने तो गट बांधला, हेही आपणच सांगितलेत. त्या दिवशी मी आपल्याला विचारले होते, “मग जातीचे नाव काय?” आपण नाव सांगितले नाहीत. एक मादी पुरत नाही, नर पाहिला पाहिजे, घरटे कोणाचे हे घरट्यातून निघालेल्या माशीवरूनच ठरले पाहिजे, असे म्हणून आपण मला परत पाठवलेत. खरे सांगायचे तर मला तेव्हा राग आला होता. नाव आपल्याला माहीत आहे आणि आपण ते मुद्दाम अडवून धरता आहात, असे वाटले होते. आज त्या अडवून धरण्याबद्दलच सर्वांत जास्त आभार मानतो आहे.

आपल्या सांगण्याप्रमाणे लिंपलेल्या सहा कांड्या काचेच्या सहा बरण्यांत घातल्या, तोंडाला मलमलीचे फडके बांधले आणि बरण्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या. घरच्यांनी त्या लोणच्याच्या समजून दोनदा उघडल्या, पण तो विषय इथे नको. दिवाळी संपता संपता एका बरणीत पहिली माशी दिसली. मी आनंदाने आपल्याकडे धावलो. आपण भिंग लावलेत आणि हसलात. तिचे पोट शेपटीकडे सुईसारखे निमुळते होते, डोळ्यांवर बारीक केस होते आणि पोटाखाली पराग भरायचा कुंचा मुळीच नव्हता. ती कोएलिऑक्सिस निघाली, मधमाश्यांमधली कोकिळा. ती स्वतः पराग गोळा करत नाही की घरटे बांधत नाही. दुसरीचे घरटे उघडे असताना तिची मादी आपले अंडे आत सोडून जाते, मग तिची अळी घरमालकिणीच्या पिलाला संपवते आणि त्याच्यासाठी साठवलेला पराग खाऊन वाढते. तिलाच घरधनीण समजून मी नाव लावले असते, तर चोराच्या नावाने सातबारा झाला असता. ‘घरट्यातून निघालेल्या माशीवरून ठरले पाहिजे’ हा नियम मी पाठ केला होता. त्यात ‘आणि जी निघाली तिला पराग भरता येतो का, हेही पाहिले पाहिजे’ ही पुस्ती आपण त्या दिवशी जोडलीत.

पुढे मार्गशीर्षात एका कांडीच्या लिंपणाला भोक पडले आणि दोन दिवसांच्या अंतराने दोन नर बाहेर आले. माद्या त्यानंतर, संक्रांतीच्या सुमारास आमच्याकडे गड्ड्याची यात्रा भरली तेव्हा निघाल्या. यातही व्यवस्था आहे हे आपण समजावलेत. मादी अंडे घालताना ते फलित करायचे की नाही हे तिच्या हाती असते. फलित अंड्यातून मादी होते, अफलितातून नर. कांडीच्या तळाशी ती मादीची अंडी घालते आणि तोंडाकडे नराची, म्हणजे आधी तयार होणाऱ्या नरांना बाहेर पडताना कोणाच्या अंगावरून जावे लागत नाही. प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खोली, प्रत्येक खोलीत शिधा आणि दोन खोल्यांमध्ये मातीची भिंत. हे सगळे एकटी मादी करते. तिला राणी नाही, कामकरी नाहीत, मोहोळ नाही. एकांडी हा शब्द तिला शोभतो. आणि राखायला मोहोळ नसल्यामुळे ती आग्यासारखी अंगावर धावून येत नाही. मी महिनाभर पाटीशेजारी बसलो, एकदाही डंख बसला नाही.

मग एका मादीला टाचणीला लावायची वेळ आली. मी तयार नव्हतो. एवढे दिवस सांभाळलेली माशी मारायची, हे मनाला पटत नव्हते. आपण आग्रह केला नाहीत, फक्त म्हणालात की फोटोवर उद्या कोणी शंका घेतली तर फोटोला उलटे करून पाय दाखवता येत नाही. शेवटी मी एक मादी आणि एक नर दिला. आपण त्यांच्याखाली लावलेली चिठ्ठी पाहिली तेव्हा मात्र बरे वाटले. गाव, तालुका, तारीख, ‘लाकडी कांडीतील घरट्यातून’ हे शब्द आणि गोळा करणारा म्हणून माझे नाव. आमच्या कारखान्याच्या कांडीची नोंद आजवर फक्त माझ्या हिशेबाच्या वहीत होती.

आणि नाव मिळाले. डोके आणि छाती दाट तांबूस केसांनी भरलेली, पोटावर पांढरे आडवे पट्टे, मातीची घरटी, जबड्याला कातरायची धार नाही. काळ्या-पांढऱ्या अंगाची मेगाकायली डिस्जंक्टा ही जवळची जातही आपण बाजूला ठेवून दाखवलीत आणि ती का नव्हे ते सांगितलेत. चार्ल्स बिंगहॅम यांनी १८९७ साली ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर लिहिलेल्या खंडातल्या वर्णनाशी ताडून पाहिलेत आणि मगच सांगितलेत: मेगाकायली लॅनाटा. लिनियसचा शिष्य फॅब्रिसियस याने १७७५ साली हे जातिनाम दिले. ‘लॅना’ म्हणजे लॅटिनमध्ये लोकर, म्हणून ‘लॅनाटा’ ही लोकर पांघरलेली. चादरी-टॉवेलांच्या गावात, विणकराच्या कांडीत राहणाऱ्या माशीच्या नावात लोकर निघावी, यावर माझा पहिल्यांदा विश्वास बसला नाही. भिंगातून तिची पाठ पुन्हा पाहिली आणि बसला. घोंगडी पांघरून बसलेल्या धनगरासारखीच ती दिसते.

नाव हाती आल्यावर तिची बाकीची कहाणी वाचता आली. हीच जात वेस्ट इंडीज बेटांवर आणि फ्लोरिडातही जाऊन पोचली आहे. लाकडाच्या भोकात घर करणाऱ्या माशीला जहाजाचा प्रवास कठीण नसावा. पण मला जवळची वाटली ती तुरीची गोष्ट. तुरीच्या फुलावर येणाऱ्या महत्त्वाच्या माश्यांमध्ये हिची गणना होते, असे आपण सांगितल्यावर मी दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या मेहुण्यांच्या शेतावर गेलो. पेरा उशिरा झाल्यामुळे तुरीला काही फुले अजून होती. ऊन वर आल्यावर त्या आल्या. फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या मिळून होडीसारखा आकार होतो आणि परागकोश त्याच्या आत दडलेले असतात. माशी त्या होडीवर बसून दाबते, होडी खाली जाते आणि परागकोश थेट तिच्या पोटाखालच्या कुंच्याला टेकतात. पायावर टोपली असलेल्या माशीपेक्षा पोटाखाली कुंचा असलेल्या माशीला हे फूल का सोसते, ते पाहताक्षणी कळले. मेहुण्यांनी विचारले, “त्या काय खातात की काय शेंगा?” मी त्यांना खाली बसवून दाखवले. तेव्हापासून फुलोऱ्याच्या दिवसांत फवारणी करायची झालीच तर ते संध्याकाळी करतात.

कांड्यांची पाटी आता माळ्यावर नाही. पूर्वेच्या भिंतीला, पत्र्याच्या पन्हळीखाली, भोके बाहेरच्या बाजूला येतील अशा पन्नास कांड्या सुतळीने बांधून टांगल्या आहेत आणि खाली परातीत थोडी काळी माती ओली करून ठेवतो. कांडी भरणाऱ्या मावशी आता तिला कुंभारीण म्हणत नाहीत, ‘आपली गवंडीण’ म्हणतात. शास्त्रीय नावाइतकेच मला ते नाव आवडते.

एक विनंती आहे. परवा त्या पन्नासांपैकी एका कांडीच्या तोंडाला माती दिसली नाही, तर हिरव्या पानाचे गोल तुकडे एकावर एक बसवलेले दिसले. शेजारच्या बोगनवेलीच्या पानांनाही अर्धगोल खाचा पडल्या आहेत. मी इंटरनेट उघडलेले नाही आणि कांडी फोडलेली नाही. ती बरणीत घालून, तोंडाला फडके बांधून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवली आहे. येत्या रविवारी आपल्याला सवड असेल तर घेऊन येतो.

आपला कृतज्ञ,
पूर्व भागातील एक यंत्रमाग कारखानदार, सोलापूर