खणांचा हिशेब

सिडनहॅम, लंडन

तीर्थरूप आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

कसब्यातल्या आपल्या घराचे माळवद उतरवून स्लॅब टाकायचे चालले आहे, असे दादाने कळवले. मी राहतो तेथून क्रिस्टल पॅलेसचे उद्यान जवळ आहे. १८५१ साली जोसेफ पॅक्स्टनने हाइड पार्कात जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला लोखंडाचा आणि काचेचा तो महाल प्रदर्शन संपल्यावर सुटा करून येथे आणला आणि १८५४ मध्ये आणखी मोठा करून पुन्हा उभा केला. १९३६ च्या आगीनंतर पायऱ्या आणि चौथरे तेवढे उरले आहेत.

तुम्ही घर कधी खोल्यांनी मोजले नाही, दोन खांबांमधल्या खणांनी मोजले; तुळई मिळेल तेवढा खण, असे म्हणायचात. पॅक्स्टनचा खण २४ फुटांचा होता, आणि त्याचा हिशेब काचेपासून सुरू झाला, कारण ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद असे एकच माप धरून त्याने सुमारे तीन लाख तावदाने घेतली. बिडाचे खांब आतून पोकळ असल्याने छपरावरचे पाणी त्यांतूनच खाली उतरे. (आपली पन्हळ अजून शेजाऱ्यांच्या भिंतीवरच ओतते ना?) छपराच्या पन्हळींवरून चाकांची गाडी मागावरच्या धोट्यासारखी सरकवत, तीत बसून कारागीर काचा बसवीत, ८० जणांनी एका आठवड्यात १८ हजारांहून अधिक बसवल्या. मुंबईत काळा घोड्यापाशी तुम्ही दाखवलेल्या वॉटसन हॉटेलच्या इमारतीचा लोखंडी सांगाडाही असाच सुट्या भागांत इंग्लंडहून जहाजाने आलेला.

सुटे भाग असे काढणे-बसवणे सगळ्यांनाच साधले नाही. टोकियोत वास्तुविशारद किशो कुरोकावाने १९७२ साली १४० तयार खोल्या दोन मनोऱ्यांना बोल्टांनी अडकवल्या. पंचवीसेक वर्षांनी जुनी काढून नवी बसवायची, असा बेत होता, पण एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये सारी इमारतच उतरवावी लागली. आपल्या माळवदाची माती उकरून तुळयांवर आडव्या टाकलेल्या किलचा बाजूला केल्या की किडलेली तेवढी तुळई निघते. माजघरातली तुम्ही बदललीत, तेव्हा मी कंदील धरून उभा होतो.

स्लॅबला माझी हरकत नाही, कारण दर पावसाळ्याआधी पांढरी माती चढवणारा माणूस आता मिळत नाही. मात्र तुळयांना करवत लावू देऊ नका. सांधे सोडवून काढायला सांगा, आणि प्रत्येकीवर तिच्या खणाचा क्रमांक तेलरंगाने घालून घ्या.

ती. आईस साष्टांग नमस्कार.

आपला,
बाळू