दवाखान्याची वेळ ठरवण्याआधी कोण गळेल ते पाहा

मा. संपादक,

वृद्धांसाठी, दिव्यांगांसाठी सोलापुरात योजना कमी नाहीत. पण योजना आखताना तिच्यातून कोण गळणार, हे कुणी आधी बघते का?

माझ्या सासूबाईंनी आयुष्यभर विड्या वळल्या. पान कापायचे, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, यात अंगठ्याच्या रेषा झिजून गेल्या. 70 वर्षांवरच्यांना पाच लाखांपर्यंत उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड 2024 मध्ये आले, तेव्हा आम्ही केंद्रावर गेलो. यंत्र अंगठा घेईना. आधारला जोडलेला मोबाईल बंद पडलेला, म्हणून ओटीपीही येईना. डोळ्यांवरून ओळख पटवता येते, पण ते यंत्र तिथे नव्हते. विडी कामगारांच्या वस्तीत नेमकी हीच अडचण येणार, हे आधी सुचायला हवे होते.

दुसरी गोष्ट भाषेची. सासूबाईंना तेलुगू येते, मराठी बाजारापुरती. डॉक्टरांनी विचारले, "थुंकीतून रक्त पडते का?" त्यांनी मान डोलावली. मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून त्या सगळ्यालाच मान डोलावतात. मी सोबत होते म्हणून निभावले. पूर्व भागात अशा म्हाताऱ्या घरोघर आहेत, आणि प्रत्येकीच्या सुनेला खाडा करणे परवडत नाही. सकाळची ओपीडी आणि कारखान्यात विड्या जमा करायची वेळ एकच. त्या दिवशी माल दिला नाही तर मजुरी बुडते.

कायदे आहेत. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दवाखान्यात वेगळ्या रांगेची तरतूद आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी-खासगी रुग्णालयांत अडथळा नसलेली वाट आणि उपचारात प्राधान्य सांगितले आहे. तरी गुडघे गेलेल्या बाईची तपासणी पहिल्या मजल्यावर असतेच.

माझी भाची इंग्लंडमध्ये वृद्धांची काळजी घेण्याच्या कामात आहे. तिथे 2010 च्या समता कायद्याने सरकारी संस्थांवर बंधन आहे: निर्णय घेताना वय, अपंगत्व, वंश, धर्म, स्त्री-पुरुष भेद यांचा विचार करायचा. म्हणून वृद्धांचे दिवसाचे केंद्र बंद करण्याआधी किंवा घरपोच सेवेचे तास कापण्याआधी त्याचा कुणाला फटका बसेल, ते बहुतेक नगरपालिका लिहून काढतात. कागद लिहिला म्हणून अन्याय थांबतोच असे नाही, पण तो पुढे करून जाब तरी विचारता येतो.

महापालिकेने एवढे करावे. दवाखाना हलवताना, वेळ बदलताना किंवा नवे कार्ड आणताना एक पानभर लिहावे: कोणत्या भाषेची माणसे येतात, त्यांचे काम किती वाजता सुटते, जिना आहे का, अंगठा उमटला नाही तर काय. ते पान आशाताई आणि विडी कामगार बायकांना विचारून लिहावे, आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दूत दवाखान्याच्या दारावर लावावे. सुरुवात पूर्व भागापासून व्हावी.

— एक गृहिणी, पूर्व भाग, सोलापूर