विषय : मागच्या अंगणातला भाजीचा वाफा आणि फणस

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटी कार्यकारिणी, रत्नागिरी

स.न.वि.वि.

परवाच्या सभेत वाफ्यासाठी ट्रॉलीभर लाल माती आणायची आणि फणसाच्या मुळ्या तोडायच्या, असं ठरल्याचं कळलं. मला यायला उशीर झाला, म्हणून हे पत्र. दोन्ही कामं कृपया थांबवावीत.

रविवारी मी वाफा उकरून पाहिला. चिऱ्यांच्या काठापर्यंत भरलेली माती तीन पावसाळ्यांत वीतभर खाली बसली आहे. खत, कोकोपीट कुजून संपलं. फावडं घातलं तर बोटभर खाली केसासारख्या मुळ्यांचं जाळं, काथ्याच्या पायपुसण्यासारखं अख्खं उचलून आलं. पण फणसाचं काय चुकलं? वाफा खालून उघडा, आत शेणखत, वर रोज पाणी. तो जेवायला आला. गेल्या थंडीतले भाजीचे मुळे करंगळीएवढे निघाले ते त्यामुळेच.

नव्या मातीने काही साधणार नाही. ती लाल माती जांभा दगडाची, मुळात आम्लधर्मी, त्यात आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस. त्यातला कस धुऊन जातो.

बारीक मुळ्या मी दर हंगामात काढून टाकीन. अंगठ्याहून जाड मुळीला मात्र कोणी हात लावू नये, झाड तिच्यावर उभं आहे. 2021 च्या तौक्ते वादळात किती झाडं आडवी झाली ते आपण पाहिलं आहे. (गरे वाटताना सभेत कोणाचाच विरोध नसतो, हेही नमूद करतो.)

आम्लता कमी करायला चुना टाकायचा, तर तोही अंदाजाने टाकू नये. वाफ्यात पाच-सहा ठिकाणची वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो परीक्षणाला देतो. चुना पडलाच तर शेणखत त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, एकत्र नाही. नत्र उडून जातं. जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून फुलावर आला की तिथेच गाडू.

वांगी-मिरची गच्चीवर ड्रममध्ये लावू. वाफ्यावर जेमतेम तीन तास ऊन येतं, त्यात अळू आणि लाल माठ येईल.

समितीकडून एवढंच हवं : जनरेटरमागे रोज जाळला जाणारा पालापाचोळा मला द्यावा. आंब्या-फणसाचं पान चिवट, पण शेणकाल्यात थरावर थर घातलं की सहा-आठ महिन्यांत खत होतं. शेणखताच्या दहा गोण्या मी गोठ्यावर सांगून ठेवल्या आहेत. टेम्पोभाड्याची पावती देईन.

आपला,
एक सभासद, बी विंग, तळमजला