बॅच रोगाने गेली की फवारणीने?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कापूस-सोयाबीनवर फवारण्या सुरू झाल्या की मराठवाड्यातल्या रेशीम उत्पादकांच्या बॅच, म्हणजे शेडमध्ये एका वेळी वाढवलेल्या रेशीम अळ्या, मरून जाऊ लागतात. कारण मात्र आधीच ठरलेले असते : फ्लॅचरी (आतड्यात जंतू माजून होणारा रोग) आली, ग्रासरी (विषाणूचा रोग) आली, शेडचे निर्जंतुकीकरण नीट केले नसेल. शेतकऱ्याच्या माथी मारायला हे सोपे. पुष्कळदा रोग मागाहून येतो आणि त्याआधी अळीच्या पोटात विष गेलेले असते, याकडे कुणी बघत नाही.

रेशीम अळी म्हणजे जवळपास सगळे पोटच. ती तुतीचा पाला सोडून काही खात नाही, वेगळे पाणी पीत नाही. जन्मभरात जेवढा पाला खाते त्यातला सुमारे ८० टक्के चौथ्या कातीनंतरच्या आठवडाभरात संपवते, आणि कोषातले रेशीम याच पाल्यातल्या प्रथिनांतून तयार होते. तिच्या आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो. या पेशी आणि खाल्लेला पाला यांच्यामध्ये पातळ पापुद्रा, आणि पाचकरस कमालीचा अल्कधर्मी. कीटकनाशक लागलेला पाला आत गेला की या पेशी सुजतात, फुटतात, थरापासून सुटतात आणि पचन मंदावते. मात्रा मोठी असली तर अळ्या डोके वर करून हलवतात, हिरवट रस ओकतात, आखडून पडतात. तेव्हा कुणालाही कळते.

खरा घोटाळा थोड्या मात्रेत आहे. अळी मरत नाही, पण खाणे कमी करते. सगळ्या अळ्या एकाच वेळी कात टाकत नाहीत, निम्म्या अळ्या मागे राहतात. दुबळ्या झालेल्या आतड्यात जंतू माजतात. शेवटी रॅकवर दिसते ती फ्लॅचरीच! बघायला येणारा चुकीचे बोलत नाही, फक्त अर्धेच बोलतो.

तूर-सोयाबीनवर हल्ली सर्रास मारले जाणारे क्लोरँट्रानिलिप्रोल हे कीटकनाशक मुख्यतः पतंगवर्गीय अळ्यांसाठीच बनवलेले आहे. त्याने स्नायू निकामी होतात, अळीचे खाणे थांबते, आणि पानावर त्याचा अंश बरेच दिवस टिकतो. शेजारी जिला मारतो ती आणि आम्ही जिला पोसतो ती, दोघी एकाच वर्गातल्या. शेजाऱ्यावर राग धरून उपयोग नाही, त्यालाही त्याचे पीक वाचवायचे आहे. ‘जैविक आहे, काही होत नाही’ ही समजूत तर त्याहून घातक. बीटी या जैविक कीटकनाशकाच्या पावडरीतला जिवाणू १९०१ साली जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञाने पटापट मरणाऱ्या रेशीम अळ्यांमधूनच शोधला होता. त्याचे प्रथिन अल्कधर्मी आतड्यात विरघळते आणि तिथल्या पेशींना भोके पाडते. निंबोळी अर्काचा अंश पाल्यावर असला तरी अळी तोंड फिरवते.

कडेच्या ओळींचा पाला आधी थोड्या अळ्यांना घालून बघा, असा सल्ला दिला जातो. तो पाळावाच, पण थोड्या मात्रेचा परिणाम दिसायलाच काही दिवस लागतात. तोवर सगळ्या शेडला तोच पाला घालून झालेला असतो.

रोजगार हमीतून तुती लावायला सरकार मदत करते, २०१८ पासून जालन्यात कोषांची बाजारपेठही सुरू आहे. हे चांगलेच झाले. मात्र त्याच शिवारात आता ड्रोनने फवारणी व्हावी म्हणूनही सरकारच अनुदान देते, आणि वाऱ्यावर येणारा तुषार बांध ओळखत नाही. बॅच गेल्यावर पाला आणि मेलेल्या अळ्या तपासून विषाचा अंश सांगणारी सोय निदान जिल्ह्याच्या ठिकाणी हवी, नाहीतर दरवेळी अंदाजानेच कारण लिहिले जाणार. महारेशीम अभियानात, म्हणजे सरकारच्या रेशीम शेतीच्या मोहिमेत, तुतीची नोंदणी होते, तेव्हाच गट क्रमांकासह यादी ग्रामपंचायत, सहायक कृषी अधिकारी, गावातले कृषी सेवा केंद्र आणि ड्रोनचालक यांच्याकडे द्यावी. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन आला तरी कडेच्या ओळी आम्ही सोडून देऊ, दोन वेळचा पाला आधीच कापून ठेवू. वारा तुतीकडे असेल तर फवारणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी, एवढी विनंती त्या फोनवर करता येईल.

आपला,
एक तुती उत्पादक शेतकरी, जि. बीड