संज्या, मालवणला जायच्या आधी

पंचवटी, नाशिक

प्रिय संज्या,

फोनवर घाईत बोलणं झालं, म्हणून आता निवांत लिहितोय. मालवणला स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात बुडी, करायचंच म्हणतोस ना, कर. पण जळगावहून थेट गाडी पिटाळू नकोस, आधी दोन दिवस नाशकात ये. सावरकर जलतरण तलावावर कमरेएवढ्या पाण्यात डोकं बुडवून तोंडानं श्वास घ्यायचा सराव कर. गंमत वाटेल, पण निम्मी भीती तिथंच जाते.

तिकडे सांगतात, पोहता येत नसलं तरी चालेल. खरंच चालतं, कारण गाइड पाठीवरची टाकी धरून तुला गोणीसारखा फिरवतो. पण मग सगळा वेळ कॅमेऱ्याकडे बघण्यातच जातो. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून कुणी पाव कुस्करून टाकतात, ते मला अजिबात पटत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे; तिथल्या माशांना आपला पाव कशाला? गाइडला आधीच सांग, पाव नको, सावकाश फिरव. प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय तर मुळीच टेकायचा नाही.

कानांचं नीट ऐक. दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवर हवेचा असतो तेवढा, दाब वाढतो, पण कान त्याच्या कितीतरी आधी ठणकायला लागतात. दुखायची वाट बघू नकोस. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मार, जोर लावू नकोस. सर्दी असेल तर सरळ काठावर बस, पैसे गेले तरी. खाली श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. तब्येतीचा फॉर्म भरताना दम्याची लपवाछपवी नको, तुझा स्वभाव मला माहीत आहे!

आणि अंगठा वर करू नकोस. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर ने’. आमच्या ऑफिसातल्या एकानं फोटोसाठी ऐटीत अंगठा दाखवला, गाइडनं बिचाऱ्याला वर आणून सोडलं. ठीक असेल तर अंगठा नि तर्जनी जुळवून गोल कर.

वहिनींना मात्र स्कूबाचा आग्रह धरू नकोस. लाइफ जॅकेट घालून स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून वरच तरंगत खाली बघणं, करू देत, स्वच्छ पाण्यात वरूनही बरंच दिसतं. डिसेंबर-जानेवारीतलं बघ, पावसाळ्यात हे सगळं बंद असतं. तारीख कळव, म्हणजे मी रजा टाकतो.

तुझा,
दिल्या

ता. क. मिशीतून मास्कमध्ये पाणी झिरपतं. तुझी ती झुपकेदार मिशी जरा कातरून ये.